आधी माझं ऐका

"पोरी, व्यालेल्या गायीपुढून कुत्रं नको नेऊ. ती त्याला कुत्रं नाही, लांडगा समजते. एकदा मागं लागली का सोडत नाही," गोदाबाईनं सांगितलं होतं. तृप्तीनं हसून मान डोलावली आणि ब्रुनोला घेऊन केळीच्या त्याच वाटेनं पुढं गेली. ब्रुनो कुणाला काही करत नाही, हे सगळ्या चांदनी गावाला ठाऊक होतं.

आज गोदाबाईची तीच गाय शिंगं खाली घालून धावत आली.

तृप्ती काही अडाणी नव्हती. गुरं अंगावर आली तर पट्टा धरून ठेवायचा नाही, कुत्र्याला मोकळं सोडायचं, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. लेक पिहू झाल्यापासून असलं सगळंच ती पाहून ठेवायची. तिनं पट्टा सोडला. ब्रुनो सुसाट सुटला, गाय त्याच्यामागं, आणि बघता बघता दोघंही केळीच्या वळणाआड गेले.

तिला साधं खरचटलंही नाही. भीतीच्या आधी आला तो राग.

गोदाबाईचा मुलगा कडू काठी घेऊन धापा टाकत आला. "लागलं तर नाही ना, मॅडम? सरका, गाय आणतो."

"निघालात कुठं? आधी माझं ऐका!" ती वाटेत आडवी झाली. "गाय मोकळी कशी?"

"मोकळी कुठली? दावं तोडलं तिनं. कुत्र्याचा वास आला ना."

"म्हणजे चूक कुत्र्याची! त्याच्या गळ्यात पट्टा आहे, त्याचं इंजेक्शन झालंय. तुमच्या गायीला दावंही धड नाही!"

"बाद में भांडा ना, मॅडम. परवाच व्याली ती, भडकलेली आहे. वाटेत कोणी सापडलं तर..."

"सापडलं ना! मी सापडले! माझ्या कडेवर लेकरू असतं तर? सांगा ना, काय केलं असतं तुम्ही?"

कडूनं बाजूनं निसटायला पाहिलं. तिनं त्याची काठीच धरली.

"पळू नका! आम्ही रोज जीव मुठीत धरून जायचं, आणि तुमची गाय महाराणी! वाट काय तिच्या नावावर आहे?"

आता कडूही तापला. "तुमचं कुत्रं लाडाचं, अन् माझी गाय काय सौतेली? माझ्या आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला? तरी रोज त्याला इकडंच काहून आणता?"

"हौस म्हणून नाही आणत!" तृप्तीचा आवाज चढला. "या वेळेला सासूबाई पिहूला तेल लावून अंगणात उन्हाला निजवतात आणि आंघोळीचं पाणी काढायला आत जातात. हा तेल चाटायला जातो. चार महिन्यांची पोर ती! म्हणून तेवढा वेळ त्याला घराबाहेर काढते. आईला लेकराची काळजी असते, तुम्हाला काय कळणार?"

काठीवरची कडूची मूठ सुटली.

"मॅडम," त्यानं हळूच विचारलं, "घाबरलं म्हणजे तुमचं कुत्रं कुठं पळतं?"

"घरी! दुसरं कुठं जाणार? फटाके वाजले तरी सरळ पिहूपाशी जाऊन..."

कडू पळत सुटला होता. पण तो अजून अर्ध्या वाटेवरही नाही, आणि तृप्तीच्या तोंडून तर हाकही फुटत नाही. तुमच्यापैकी कोणी चांदनी स्टेशनामागं, तृप्तीच्या घरापाशी असाल तर एवढं करा, अंगणात जा आणि आधी पिहूला बघा.