नमुन्याची बाटली

सलिमाआपांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि त्या म्हणाल्या, "हे पाणी मी भरलेलं नाही."

सिन्नरच्या त्या क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात आपा बावीस वर्षं पाण्याचे नमुने भरत होत्या. समोर मॅनेजर महेश उभा होता आणि दाराशी बाटली न्यायला आलेला, मुंबईच्या प्रयोगशाळेचा धम्मपाल.

एका परदेशी फंडाला कंपनीत पैसा घालायचा होता. सांडपाणी स्वच्छ निघालं, तर कंपनीचा भाव दुप्पट होणार होता. नाही निघालं, तर आधी शुद्धीकरणाचं यंत्र बसवा, मग बोलू, अशी फंडाची अट होती.

आपांना ते यंत्र हवं होतं. लहानपणी ज्या नाल्यात त्या ओढणी पसरून मासोळ्या धरायच्या, त्यात आता गुरंही तोंड घालत नव्हती. वस्तीची विहीर दोन वर्षांपूर्वी बंद करावी लागली होती.

साहेब बोट दाखवतील तिथलं पाणी भरायचं, ही कारखान्याची जुनी रीत. आज सकाळी मात्र आपा कुणाला न विचारता नाल्यात उतरल्या. कारखान्याचा पाइप उघडतो तिथलंच पिवळट पाणी त्यांनी भरून आणलं. दुपारच्या नमाजाहून परत येईपर्यंत ते काचेसारखं नितळ झालं होतं.

महेश हसला. आपांची नजर आता अधू झाली, वय झालं, असं त्याने धम्मपालला सांगितलं. मग जवळ येऊन, बाटलीवर सही करा म्हणत, त्यांची लेक अफिफा इथेच पॅकिंगला आहे, याची हळूच आठवण करून दिली.

"तिलाही विचारून बघा, साहेब," आपा म्हणाल्या. "तीसुद्धा सही करायची नाही."

ज्याने नमुना भरला त्यानेच सीलवर सही करायची, असा नियम होता. बिनसहीची बाटली नेता येणार नाही, असं धम्मपाल म्हणाला. आपांनी दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"मग मीच भरली, असं लिहा," म्हणत महेशने सील लावलं आणि ऐटीत सही ठोकली. धम्मपाल बाटली घेऊन गेला.

नवव्या दिवशी महेशने आपांना केबिनमध्ये बोलावलं. काढूनच टाकणार असेल, तर त्याच्या तोंडून ऐकायच्या आधी आपणच निघू, असं ठरवून त्यांनी कामाचा पांढरा कोट घडी घालून सोबत नेला.

टेबलावर अहवाल पडला होता. नमुना नापास. पाण्यात क्रोमियम, मर्यादेच्या कितीतरी पट.

"तुम्ही त्यात काहीतरी मिसळलंत, आपा." महेशच्या आवाजात जोर नव्हता.

"सील तुमचं, सही तुमची. मी तर बाटली तुमच्यादेखत नुसती उजेडात धरली." आपांनी कोट त्याच्यासमोर ठेवला. "भरलं कुठनं होतंत, ते सांगा ना."

महेशने टेबलावरची, घरून भरून आणलेली पाण्याची बाटली दूर सारली. मग त्याने घरी बायकोला फोन लावला.

"पूजा," तो म्हणाला, "माठ आत्ताच्या आत्ता ओतून दे. पोरीला त्यातलं पाणी देऊ नको."