पालखी टेकेपर्यंत

नातीला सनई शिकवताना मी एक थाप मारली होती. “अंकिते, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकेपर्यंत सनई ओठावरून काढायची नाय, मग कोण कायपण ओरडू दे. मी एकदा वरंधच्या चढणीला दम खायला थांबलो, तर पालखी तिथंच हवेत अडकली. खांदेकरी घरी जाऊन जेवून आले, तरी ती लटकलेलीच.” पोरगी हसली, पण तिनं ते मनात धरलं. परवा महाडला युवा वाद्यवृंदासाठी मुलं निवडायची होती. प्रत्येकाला दोन मिनिटं, घंटा झाली की थांबायचं, आणि घरच्यांनी काचेच्या दाराबाहेर उभं राहायचं. अंकितानं डोळे मिटले आणि सूर असा लावला की परीक्षक बाईंच्या चहावरची साय थरथरली. घंटा झाली. अंकिता वाजवतच राहिली. “बाळा, थांब आता,” बाई म्हणाल्या. ती थांबेना. मी काचेवर दोन्ही हात आपटले, तर शिपायानं मला मागं ओढलं, “आजोबा, परीक्षा चाललीय.” चौथ्या घंटेला बाईंनी तिच्या नावावर रेघ ओढली. अंकिता घामाघूम बाहेर आली. “आबा, नाय घेतलं. जी थांब म्हटल्यावर थांबत नाय, ती चाळीस जणांत वाजवणार कशी, म्हणाल्या.” सनई पिशवीत घालता घालता तिनं विचारलं, “पण पालखी खरंच अडकली होती ना?” सत्तर वर्षं एका थापेवर दुसरी रचत आलोय. मी तिची पिशवी खांद्यावर घेतली. “अजून अडकलीय गो,” म्हटलं.