ओळखखुणा

आई गेल्यावर पंधरवड्याने भाऊ अमरदीप आदिलाबादहून तामसीला आला. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. मजूर घेऊन मॉरिशसला गेलेल्या जुन्या शिडाच्या जहाजाची ती प्रवासी-नोंद होती.

“खापरपणजोबा शोधून राह्यलो होतो ताई, अन् हे सापडलं.”

तिरप्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: चंद्रभागा. डाव्या हातावर गोंदलेला मासा, शेपटीविना.

नाव आईचं होतं. मासाही तिचाच. गोंदताना तिने हात ओढून घेतला होता, म्हणून तो अर्धा राहिला होता.

“मायच्या नावानं थट्टा करतं का रे? फोटोत तूच टाकलं हे.”

“मी काऊन टाकीन? साइट तूच उघडून पाय.”

त्याची लबाडी पकडली असती, तर मी त्याच्याशी पुन्हा बोलले नसते. मी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ते पान शोधलं. नोंद तिथेही होती. त्याच्या फोटोत न आलेली शेवटची ओळ मी मोठी करून वाचली.

उजव्या घोट्यावर ओरखडा. ताजा, रक्त नाही.

आमच्यात आईला शेवटची आंघोळ लेक घालते. मी दार लावून एकटीनेच घातली होती. तेव्हा फुटलेल्या माझ्या बांगडीची काच तिच्या त्याच घोट्याला लागली होती.