प्रिएताला बघायला

पेटीचं झाकण नेहमीप्रमाणे ओनोरिओनेच उघडलं. "पाहुण्याचा मान," असं म्हणून एलोदिया दर रविवारी कॉफी आणायला आत जायची, ती झाकण बसल्याचा आवाज आला की बाहेर यायची.

काचेच्या पेटीत प्रिएता बसली होती. तळहाताएवढी टॅरंटुला कोळीण, काळी मखमल अंगावर आणि गुडघ्यागुडघ्यावर शेंदरी पट्टा. ओनोरिओने डबीतून आणलेला नाकतोडा आत सोडला आणि हात टेकवला. नाकतोड्याकडे ढुंकूनही न बघता ती एकेक पाय चाचपत त्याच्या तळव्यावर चढली.

उन्हाळ्यात या घराचं दार बसवायला आला, तेव्हा हिला पाहून त्याची पाचावर धारण बसली होती. कोलिमाच्या डोंगरात वाढलेला माणूस. लहानपणी बुटात असाच एक कोळी निघाला, तेव्हापासून बूट आपटल्याशिवाय तो पाय घालत नसे. पण समोर एलोदिया उभी होती, हसरी, विधवा. आणि पेटी बैठकीच्या मधोमध. बाईचा जीव हिच्यात असणार, हे ताडून तो बोलून गेला, "काय देखणी आहे हो!"

एलोदिया त्याच्याकडे बघतच राहिली. "मग रविवारी या की मिस्त्री, तिला बघायला."

त्याची बहीण म्हणाली, "कोळ्याला भिणारा तू! उद्या बायकोपायी साप पाळशील."

तरी तो जात राहिला. आधी डोळे मिटून, मग किलकिले करून. एका रविवारी प्रिएता उताणी पडलेली दिसली. मेली! त्याला चक्क रडू आलं. तेवढ्यात तिचा पाय हलला. जुनी कात सोडून ती हळूहळू बाहेर आली, ओली, कोवळी, गुडघ्यांचा रंग नुकता लावल्यासारखा.

"सेन्योरा, लवकर या, बघा!"

"तुम्हीच बघा मिस्त्री, माझ्या मक्याच्या भाकऱ्या करपतील."

त्या दिवसापासून सोंग संपलं. हिच्याइतकं सुंदर त्याला काही दिसेना.

आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खोट्यावर संसार उभा करायचा नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. झाकण उघडंच ठेवून त्याने हाक मारली. एलोदिया कप घेऊन उंबरठ्यापाशीच थबकली.

"सेन्योरा, पहिल्या दिवशी मी खोटं बोललो. मला हिची भीती वाटत होती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून देखणी म्हणालो. पण आता खरंच जीव जडलाय. हिच्यावर, आणि तुमच्यावर. दोघींनी माझ्या घरी यावं असं वाटतं. रागावला असाल तर हा निघालो."

कप किणकिणले. एलोदियाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती हसत सुटली.

"येते की! पण मिस्त्री, ही माझ्या नवऱ्याची. डोंगरात सोडायला म्हणून त्या दिवशी पेटी बाहेर काढून ठेवली होती. तुम्हाला आवडली, म्हणून न्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं. ती गेली तर तुम्ही कशाला याल? अहो, माझी अजून तिच्याकडे नीट बघायचीसुद्धा छाती झालेली नाही!"