मुकुंदाचा वेग

थोडं पुढे सरकून बसा मंडळी, वेगाची एक गोष्ट सांगतो.

टीव्हीवरच्या सिनेमातला महावीर बंदुकीच्या गोळीला मागे टाकत होता.

"आवाजापेक्षा जलद," मामा म्हणाले.

"छे हो मामा, विजेइतका!" रेवती म्हणाली. "काय रे दादा, तूच सांग."

प्रयोगशाळेतून तसाच वेग अंगात घेऊन आलेला तिचा भाऊ मुकुंद शेजारीच बसला होता. तो वेग आता त्याला आवरेना. इतरांचा एक शब्द संपेपर्यंत त्याची वर्षं सरू लागली.

रेवतीने वळून पाहिलं, तर त्याची दाढी छातीपर्यंत आली होती.

"मुकुंदा..." आई ओरडली. त्याचे केस पांढरे झाले.

"...थांब रे बाळा!"

तिचं बोलणं संपलं, तेव्हा तिच्याहून म्हातारा झालेला लेक तिच्या पायांवर डोकं ठेवून शांत झाला होता.

मंडळी, घरी तुमच्या हाकेला कुणी ओ दिली, की त्या माउलीची आठवण ठेवा.