रिकामी शेपटी

"जिथून काही जायचंच नाही, ते टोक आधी बघायचं, पोरी. रिकामी शेपटी सरळ कापलीस, की उजेड तिथूनच माघारी वळतो."

शाळेच्या सुट्टीत बाबा तिला प्रयोगशाळेत घेऊन यायचे, तेव्हाचा हा आवाज. आज ती त्याच प्रयोगशाळेत पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर तिच्या लेसरची रेघ ताठ उभी होती. आणि रेघेच्या बाजूला, जिथे काहीच नको, तिथे एक बारीक काटा उगवला होता.

"निम्म्या ताकदीवरच स्वतःचं गाणं म्हणायला लागलं की हे," लेसरला ताकद पुरवणारा पंपवाला म्हणाला. ताकद वाढवायची मूठ त्याच्या हातात होती.

"बंद कर," ती म्हणाली.

केसाएवढ्या काचेत नाजूकसा उजेड शिरतो आणि वाट चालता चालता शंभरपट होतो. पण त्यातला चिमूटभर जरी मागे फिरला, तरी काच त्यालाही तेवढ्याच मायेने वाढवते. तिला आपलं-परकं कळत नाही. मग ते उजेडाचं बांडगूळ खऱ्या उजेडाच्या तोंडचा घास काढून घेतं. तरीही ताकद वाढवत नेली, तर काच आतून जळत जाते. म्हणून प्रत्येक टोक तिरकं कापायचं. काचेचे दोन धागे एकत्र येतात त्या जोडाची एक शेपटी कशालाच न जोडता सोडलेली असते, ती तर नक्कीच.

सकाळी ती बैठकीत अडकली होती. आता तिने ती रिकामी शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. टोक आरशासारखं सरळ होतं.

तेवढ्यात सर आले. उद्या पाहुण्यांपुढे यंत्र पूर्ण ताकदीवर चालवून दाखवायचं होतं. चाललं, तर पुढचं मोठं यंत्र तिच्याकडे येणार होतं.

"टोकं कुणी तपासली?" सरांनी विचारलं.

"कापली मी, तपासलीही मी," बाबा कोपऱ्यातल्या आपल्या कापायच्या मेजावरून म्हणाले. "सगळी तिरकी आहेत."

"कात्रीकाकांनी कापलीत म्हटल्यावर विषयच संपला," पंपवाला म्हणाला. "त्यांचं टोक चुकलं, तर मी मिशी उतरवीन."

"आधी उगवू तर दे," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. ती बाबांकडे बघत राहिली. ते चष्मा पुसत होते. मघाशीही पुसत होते.

"मग काटा आला कुठून?" सर तिच्याकडे वळले.

"टोकं ठीक आहेत, सर." सूक्ष्मदर्शकाखालची शेपटी तिने अलगद मुठीत घेतली. "आराखड्यात माझी चूक झालीय. तासभर द्या मला."

"तासाभरात आराखडा बदलतो होय, बाई?" सर शांतपणे म्हणाले. "पाहुण्यांना मी नंतर या म्हणून सांगतो. पुढचं मोठं यंत्र आता दुसऱ्या गटाकडे जाईल. तुम्ही त्यांना लागेल ती मदत करा."

पंपवाल्याने उगाच ताकदीची मूठ पुसली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर तिने शेपटी चिमट्यात धरली. चिमट्यावर कोरलेल्या पिळाच्या बारीक खुणेपर्यंत फिरवली. पातं टेकवलं. बारीकसा आवाज झाला, आणि टोक तिरकं तुटलं. एवढंच तर काम होतं.

संध्याकाळी कोट काढायच्या खोलीत दोघेच होते. बाबा कोटाचं बटण चाचपत होते.

"नीट विचार करून आखायला हवं होतंस," ते म्हणाले. "बोट धरून शिकवलं मी तुला. चारचौघांत मान खाली घालायला लावलीस."

ती दाराकडे वळली, पुन्हा फिरली.

"बाबा, तुम्ही घरी गेलात ना, की तुमची सगळी टोकं मी परत कापते. रोज. तुम्हाला पिळाची खूण दिसत नाही. आजची सकाळीच कापून बसवलीत, तेव्हा मी बैठकीत होते. ती रिकामी शेपटी सरळ होती."

बटणावरची बोटं थांबली. बाबा खाली बाकावर बसले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "सर विचारत होते ना, तेव्हाही माहीत होतं."