मागच्या पत्र्यावरची थाप

१९९८ साली पुंजाजीने हिंगोलीच्या व्यंकटरावांकडून एक जुनी जीप स्वस्तात घेतली. तो जनावरांचा डॉक्टर होता, आणि पावसाळ्यात सिद्धेश्वरकडच्या काळ्या चिखलात दुसरं वाहन टिकत नसे.

जीप सुरू केली की मागच्या पत्र्यावर दोन थापा पडत. माणसं बसली, आता चला, असं सांगायला क्लीनर मारतो तशा. मागे कुणी नसे. मेकॅनिकने पत्रा काढून पाहिला, पण त्यालाही काही सापडलं नाही.

शेवटी पुंजाजीने व्यंकटरावांनाच विचारलं.

"दोनच पडतात ना?" ते म्हणाले. "मग काही तकलीफ नाही. चालवा."

हळूहळू सवय झाली. वर्षभर तो त्या थापा ऐकूनच गिअर टाकत राहिला.

एका दुपारी औंढ्याहून परतल्यावर त्याने घरासमोर गाडी हळू केली, तेव्हा मागून एकच थाप आली. गाडी थांबवायला मारतात तशी. त्याने ब्रेक दाबला. जड माणूस उतरावा तशी जीप मागून किंचित वर उचलली गेली.

त्याने वळून पाहिलं. अंगणात नुसतं ऊन होतं.

घरातून त्याच्या बायकोचा, पंचफुलाचा आवाज आला.

"बसा ना," ती कुणाला तरी म्हणत होती. "हे येऊनच राहिले."